आईला एचआयव्ही, बाळाला नाही: हे जमतं कसं?

आईच्या रक्तावर बाळ पोसतं. मग त्याच रक्तात एचआयव्ही असेल तर बाळ सुटणार कसं? हा प्रश्न शिकल्यासवरल्या माणसांनाही पडतो, आणि बरेचजण मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे होतात: नाहीच सुटणार. या उत्तरापायी कुणाला गर्भ पाडायचा सल्ला मिळतो, तर कुणी तपासणीच्या वाटेलाच जात नाही.

काहीच उपचार झाले नाहीत, तर एचआयव्ही असलेल्या शंभर आयांपैकी साधारण १५ ते ४५ जणींच्या बाळांना लागण होते. म्हणजे औषधं नव्हती तेव्हासुद्धा निम्म्याहून जास्त बाळं सुटतच होती. आता दुसरा आकडा बघा. फ्रान्समध्ये २००० ते २०११ या काळात जन्मलेल्या बाळांचा मोठा अभ्यास झाला. त्यातल्या २,६५१ बाळांच्या आया गर्भ राहण्याआधीपासून औषधं घेत होत्या, नऊ महिने त्यांनी ती सोडली नाहीत, आणि प्रसूतीच्या वेळी त्यांच्या रक्तात विषाणू जवळपास सापडत नव्हता. या २,६५१ पैकी लागण झालेली बाळं किती? एकही नाही. (तिथे आयांना अंगावर न पाजण्याचा सल्ला असे. दुधाचा हिशेब वेगळा आहे, त्याकडे पुढे येऊ.)

पंचेचाळीस ते शून्य ही मजल कशी मारली गेली, ते पाहू.

एक भिंत, दोन घरं

पहिला गैरसमज रक्ताचा. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मध्ये वार (प्लॅसेंटा) असते. एकाच भिंतीला लागून दोन घरं असावीत आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून डबे इकडून तिकडे सरकवले जावेत, तसं काहीसं. प्राणवायू, साखर, क्षार पलीकडे जातात, टाकाऊ माल अलीकडे येतो. माणसं मात्र आपापल्या घरात राहतात.

एचआयव्ही हा त्या घरातला घुसखोर. त्याला खिडकीतून जाता येत नाही, पलीकडे जायला त्याला भिंतीत तडा हवा असतो. नऊ महिन्यांत असे तडे फार पडत नाहीत. वारेला सूज आली, दुसरा एखादा संसर्ग झाला, रक्तस्राव झाला तर पडतात. खरी पडझड कळा सुरू झाल्यावर होते. गर्भाशय आवळतं, वारेतून आईचं थोडं रक्त बाळाकडे जाऊ शकतं, पाणमोट फुटते, आणि मग बाळ आईच्या रक्तातून आणि स्रावांतून वाट काढत बाहेर येतं. त्यानंतर दूध सुरू होतं. दूध म्हणजे तर पलीकडच्या घरात रोज आठ-दहा वेळा जाणं-येणं.

उपचार नसताना साधारण हिशेब असा: शंभरातल्या ५ ते १० बाळांना लागण पोटात असताना, १० ते २० जणांना प्रसूतीच्या आसपास, आणि ५ ते २० जणांना दुधातून. सगळ्यात धोक्याचे ते प्रसूतीचे काही तास. हे कळलं तेव्हाच उपचारांना दिशा मिळाली.

तडे बुजवायचे की गर्दी हटवायची?

भिंतीचे तडे पूर्ण बुजवता येत नाहीत. पण पलीकडे घुसायला टपलेली गर्दीच पांगवली तर? रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत, हे मोजता येतं. त्या मोजणीला व्हायरल लोड म्हणतात. उपचार न घेणाऱ्या बाईत हा आकडा हजारांत, कधी लाखांत असतो. बाळाला लागण होणार की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यांत हा आकडा सर्वांत वजनदार.

एचआयव्हीवरच्या औषधांच्या जोडणीला एआरटी म्हणतात. बहुधा दोन-तीन औषधं मिळून रोजची एकच गोळी असते. ही औषधं विषाणूला नवीन प्रती काढू देत नाहीत. काही आठवड्यांत आकडा कोसळतो आणि ५० च्या खाली गेला की नेहमीच्या बहुतेक यंत्रांना तो पकडणं अवघड जातं. मग "विषाणू दिसत नाही" असा रिपोर्ट येतो. दिसत नाही म्हणजे संपला असं नव्हे. काही पेशींच्या आत तो दडून बसलेला असतो, आणि गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत पुन्हा बाहेर येतो. म्हणून "आता रिपोर्ट चांगला आलाय, गोळ्या बंद करू" हा हिशेब घातक आहे, आणि गरोदरपणात तर दुप्पट घातक.

मध्ये एक रस्ता चुकला होता

इतिहासात थोडं रेंगाळतो, कारण खरा धडा तिथेच आहे.

अमेरिकेतल्या एलिझाबेथ ग्लेझर यांना १९८१ मध्ये मुलीच्या जन्माच्या वेळी रक्त द्यावं लागलं. त्या रक्तातून त्यांना एचआयव्ही झाला. मुलगी एरियल जन्मली तेव्हा निरोगी होती. तिला लागण झाली ती दुधातून. पुढे मुलगा जेक झाला, त्याला पोटातच लागण झाली. घरात काय शिरलंय हे कळायला कित्येक वर्षं गेली. एरियल १९८८ मध्ये सात वर्षांची होऊन गेली. त्याच वर्षी ग्लेझर यांनी मुलांच्या एड्सवरच्या संशोधनासाठी संस्था काढली, कारण तोवर औषधांचा विचार मोठ्या माणसांपुरताच चालला होता.

१९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका चाचणीचा निकाल आला. झिडोव्ह्यूडिन हे एकच औषध आईला गरोदरपणी आणि कळांच्या वेळी, आणि बाळाला सहा आठवडे दिलं, तर लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली. म्हणजे दोन तृतीयांश घट. त्याच वर्षी डिसेंबरात ग्लेझर वारल्या.

पण हा उपचार लांबलचक आणि महाग होता. मग १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली की नेव्हिरापिनची एक गोळी आईला कळा सुरू होताना आणि एक डोस बाळाला जन्मानंतर तीन दिवसांत दिला, तर झिडोव्ह्यूडिनच्या छोट्या कोर्सपेक्षाही लागण जवळपास निम्मी होते. एक गोळी, एक डोस! गरीब देशांत ही पद्धत झपाट्याने पसरली आणि तिने असंख्य बाळं वाचवली, यात वाद नाही.

तरी तिच्यात एक खोट होती. गोळी आईच्या पोटात जायची, पण आईसाठी नव्हतीच. बाळ बाहेर आलं की आई तिच्या आजारासकट घरी. शिवाय एकट्या डोसाने अनेक आयांच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला सरावला, आणि लवकरच त्यांना स्वतःला उपचारांची गरज पडली तेव्हा त्याच गटातली औषधं नीट लागू पडेनात. बाई म्हणजे बाळ सुखरूप पोचवणारी गाडी, असा तो विचार. मला तो आजही खटकतो, कारण त्यातून बाळाचंही भलं अर्धवटच झालं. दुधाचे महिने उघडेच राहिले आणि आई गेल्यावर मागे राहिलेलं मूल, लागण नसली तरी, सुरक्षित राहत नाही.

वळण दिलं आफ्रिकेतल्या मलावी या देशाने. उपचार कुणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी तेव्हा रोगप्रतिकारक पेशी मोजाव्या लागत, आणि त्या मोजायची यंत्रं मलावीत खेडोपाडी नव्हती. २०११ मध्ये त्यांनी सरळ ठरवलं: गरोदर किंवा अंगावर पाजणारी कुठलीही बाई एचआयव्हीबाधित आढळली, तर मोजणीच्या भानगडीत न पडता तिला आयुष्यभरासाठी पूर्ण उपचार सुरू करायचे. अडचणीतून निघालेली ही वाट २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उचलली, आणि २०१५ पासून तर एचआयव्ही असलेल्या प्रत्येकालाच लगेच उपचार द्या असं सांगितलं. त्याच वर्षी आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आटोक्यात आणल्याची संघटनेची मोहोर मिळवणारा पहिला देश ठरला क्यूबा.

"पण गरोदरपणी इतकी जालीम औषधं?"

शंका रास्त आहे. डोकेदुखीची गोळी घेतानाही गरोदर बाई दहादा विचारते.

ही भीती खरी ठरते की काय, असं २०१८ मध्ये वाटलं होतं. डोल्युटेग्राविर हे नवं, प्रभावी औषध गर्भ राहतानाच घेत असलेल्या आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशातल्या ४२६ बायांपैकी चौघींच्या बाळांच्या पाठीच्या कण्यात किंवा मेंदूत जन्मतः दोष आढळला. अपेक्षेपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. जगभर धोक्याची घंटा वाजली आणि अनेक देशांत मूल होण्याच्या वयातल्या बायांना हे औषध देताना हात आखडता घेतला गेला. पण नोंदी चालूच होत्या. बाळांची संख्या वाढत गेली तसा तो फरक विरघळत गेला. लहान आकड्यांत योगायोगही डोंगराएवढा दिसतो. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायांसकट सर्वांसाठी याच औषधावर आधारित उपचारांना पहिली पसंती दिली.

धोका शून्य असलेलं औषध नसतं. मळमळ, झोपेची तक्रार, वजन वाढणं असे त्रास होऊ शकतात, आणि काही जोडण्या गरोदरपणात टाळल्या जातात. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात उपचार न घेण्याचा धोका ठेवून पाहा. तो बाळालाही आहे आणि आईलाही. आधीपासून औषधं चालू असताना गर्भ राहिला, तर स्वतःच्या मनाने ती थांबवणं ही सगळ्यात वाईट निवड. बदल हवा असेल तर तो डॉक्टर करतील.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, जी चिठ्ठीवर लिहायची राहून जाते. गरोदर बाईला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतातच. उपाशीपोटी त्या डोल्युटेग्राविरबरोबर घेतल्या तर हे क्षार औषधाला पोटातच धरून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. उपाय सोपा आहे: सगळं जेवणाबरोबर घ्यायचं, किंवा डोल्युटेग्राविर लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. बाई गोळ्या चुकवत नाही आणि तरी आकडा उतरत नाही, अशा वेळी तिच्यावर संशय घेण्याआधी हे विचारून पाहावं.

एकदा निगेटिव्ह आलं, म्हणजे झालं?

पहिल्या तपासणीतच एचआयव्हीची चाचणी करतात, कारण जितका लवकर उपचार तितका आकडा उतरायला वेळ मिळतो. पण सुरुवातीला निगेटिव्ह असलेल्या बाईला गरोदरपणात किंवा दूध पाजत असताना नव्याने लागण होऊ शकते. नव्या लागणीत पहिले काही आठवडे विषाणू रक्तात उसळलेला असतो, म्हणजे भिंतीपाशी सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाच. आणि कुणाला पत्ता नसतो. म्हणून जिथे धोका आहे तिथे शेवटच्या तिमाहीत पुन्हा चाचणी करायची, आणि नवऱ्याचीही करायची. नवरा बाधित आणि बायको नाही, असं असेल तर त्याचे उपचार हेच तिचं आणि बाळाचं संरक्षण, शिवाय तिलाही प्रतिबंधक गोळ्या देता येतात. वडिलांकडून थेट बाळाला एचआयव्ही होत नाही. बाळाला झाला तर तो आईमार्गेच येतो.

सिझेरियनच करावं लागतं का?

पूर्वी बहुधा हो. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन केलं, तर पडझडीचे ते तास टळतात आणि लागण जवळपास निम्मी होते, हे १९९९ च्या सुमारास दिसलं होतं. पण तो काळ दुबळ्या औषधांचा होता.

आता निर्णय ३६ व्या आठवड्याच्या आसपासच्या व्हायरल लोडवर ठरतो. ५० च्या खाली असेल तर एचआयव्हीसाठी म्हणून सिझेरियनची गरज नाही. नेहमीसारखी प्रसूती होऊ शकते. १,००० च्या वर असेल तर अनेक ठिकाणी ३८ व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन करतात आणि आधी शिरेतून झिडोव्ह्यूडिन देतात. अधलामधला आकडा असेल तर डॉक्टरांचा अंदाज. कळा सुरू होऊन किंवा पाणी जाऊन बराच वेळ झाला असेल, तर घाईने पोट फाडण्याचा फायदा फारसा उरत नाही. सिझेरियनचे स्वतःचे धोके आहेत ते आहेतच.

आकडा चढा असेल तर प्रसूतीत काही गोष्टी विनाकारण करू नयेत: पाणमोट मुद्दाम फोडणं, ठोके मोजायला बाळाच्या डोक्याच्या कातडीला तार लावणं, गरज नसताना छेद देणं किंवा चिमटा लावणं. या सगळ्यांनी आईचं रक्त आणि बाळाची त्वचा आणखी जवळ येतात. आणखी एक: बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मिथिलअर्गोमेट्रिन एचआयव्हीवरच्या काही औषधांबरोबर दिलं तर रक्तवाहिन्या धोकादायक आवळतात. म्हणून प्रसूतिगृहातल्यांना आपली औषधं सांगणं बाईच्या जिवासाठी गरजेचं आहे. पण ती सांगेल केव्हा? सांगितल्यावर आपल्याला खाटेवरून उठवून कोपऱ्यात ढकलणार नाहीत, अशी खात्री असेल तेव्हा.

इथे कर्मचाऱ्यांचा आक्षेप येतो: आमच्या जिवाचं काय? बाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, आणि बाई उपचारांवर असेल तर त्याहून पुष्कळ कमी. टोचलंच तर ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांत, प्रतिबंधक औषधं सुरू करायची. हातमोजे, चष्मा, सुयांची नीट विल्हेवाट ही काळजी प्रत्येकच बाळंतपणात घ्यायची असते, कारण न तपासलेली बाई जास्त धोक्याची असू शकते. वेगळी खोली, केसपेपरवर लाल शेरा यांनी कुणाचंच रक्षण होत नाही.

बाळाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, तरी बाळाला एचआयव्ही नाही

ऐकायला विचित्र, पण रोज घडणारं. साधी चाचणी विषाणू शोधत नाही, ती शोधते शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. आईची प्रतिपिंडं गरोदरपणात खिडकीतून बाळाकडे जातात, त्यांना परवानगी असते. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात ती दीड वर्षापर्यंत सापडू शकतात. त्यामुळे या वयात साध्या चाचणीचा "पॉझिटिव्ह" फक्त एवढंच सांगतो की आईला एचआयव्ही आहे. ते आपल्याला माहीतच होतं.

बाळासाठी विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी लागते. ती चार ते सहा आठवड्यांनी करतात, काही ठिकाणी जन्मतःही. बाळ दूध पीत असेल तोवर नवी लागण शक्य असते. म्हणून शेवटचा शिक्का दूध सुटल्यावर आणि दीड वर्ष पूर्ण झाल्यावरच.

दरम्यान जन्मापासूनच बाळाला औषधाचे थेंब सुरू होतात, बहुधा नेव्हिरापिन किंवा झिडोव्ह्यूडिन, साधारण सहा आठवडे. आईला उशिरा उपचार मिळाले असतील तर दोन औषधं आणि जास्त दिवस. आणि पीसीआरमध्ये विषाणू सापडलाच, तर वाट बघत बसायचं नाही. लागण झालेल्या आणि उपचार न मिळालेल्या बाळांपैकी निम्मी दोन वर्षांच्या आत दगावतात. दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत लगेच उपचार सुरू केलेल्या तान्ह्या बाळांमधले मृत्यू, थांबून उपचार दिलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी होते.

अंगावर पाजायचं की नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, आणि तो तज्ज्ञांनीही घातलेला आहे.

दुधातून विषाणू जातो, म्हणून पाजू नका, हे सरळ वाटतं. पण अंगावरचं दूध तोडलं की त्याजागी पावडर, पाणी आणि बाटली येते, आणि पाणी शुद्ध नसेल तर जुलाबही येतात. बोत्स्वानाने बाधित आयांच्या बाळांना पावडर मोफत दिली होती. २००६ च्या सुरुवातीला अतिवृष्टीनंतर जुलाबांची साथ आली, तेव्हा बळी पडलेल्यांत वरच्या दुधावरची बाळंच कितीतरी जास्त होती. एचआयव्हीतून सोडवलेली मुलं पाण्याने नेली.

दुसरं आश्चर्य १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान शहरातून आलं. आयांना औषधं नसतानाच्या त्या काळात, अंगावरचं आणि वरचं असं दोन्ही मिळणाऱ्या बाळांत लागण निव्वळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली. वरच्या अन्नाने आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

आई नीट उपचार घेत असेल तर चित्र पालटतं. आफ्रिकेत आणि भारतात झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आई किंवा बाळ औषधांवर असताना, अंगावर पिणाऱ्या बाळांत लागण सहा महिन्यांपर्यंत हजारी तीन आणि वर्षापर्यंत हजारी सहा एवढीच होती. म्हणून २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की उपचार चालू ठेवून पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, पुढे वरच्या अन्नासोबत निदान वर्षभर, आणि वाटल्यास दोन वर्षं किंवा जास्तही. श्रीमंत देश बराच काळ "अजिबात नको" म्हणत राहिले. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शनात २०२३ मध्ये बदल झाला आणि आईशी बोलून तिच्या सोबतीने ठरवा, असं सांगण्यात आलं.

मात्र लैंगिक संबंधांबाबत जे ठामपणे म्हणता येतं, की विषाणू दिसत नसेल तर जोडीदाराला लागण होत नाही, ते दुधाबाबत तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. दुधात विषाणू दडलेल्या पेशीही असतात, आणि बाळ ते महिनोन् महिने पीत असतं. धोका अगदी कमी, पण शून्य नाही. स्तनाग्राला चीर पडली, स्तनाला सूज आली, तर त्या बाजूचं पाजणं थांबवून लगेच दाखवावं. आणि दूध तोडायचं तर एकदम नको, महिनाभरात हळूहळू.

बाळ झालं, आता आईकडे कोण बघतं?

२०२३ मध्ये जगात सुमारे १ लाख २० हजार मुलांना एचआयव्हीची नवी लागण झाली. त्यांतल्या फार मोठ्या वाट्यामागे तीन गोष्टी असतात: आईला उपचार मिळालेच नाहीत, मिळाले पण मध्येच सुटले, किंवा तिला लागण गरोदरपणी अथवा पाजताना झाली आणि कळलीच नाही.

यातलं "मध्येच सुटले" बहुधा बाळंतपणानंतर घडतं. नऊ महिने बाई बाळासाठी म्हणून एकही गोळी चुकवत नाही. मग बाळ हातात येतं, रात्रीची झोप जाते, मुक्काम बदलतो, गोळ्यांची डबी कुणाच्या नजरेला पडेल याची धास्ती असते, आणि काहींना बाळंतपणानंतरचं नैराश्य घेरतं. पुढच्या भेटीत सगळे बाळाचं वजन विचारतात. तिच्या व्हायरल लोडची चौकशी कुणी केलीच, तर ती शेवटी. पाजण्याचे महिने चालू असतील तर ही चौकशी बाळाचीच असते. शिवाय त्या भेटीत गर्भनिरोधाचं आणि पुढच्या मुलाचंही बोलून घेता येतं. तिला दुसरं मूल हवं असू शकतं. तोवर गोळ्या चालू राहिल्या असतील, तर पुढच्या वेळी तिची सुरुवातच त्या २,६५१ बाळांच्या आयांसारखी होते: विषाणू आधीच दबलेला, आणि गर्भ मागाहून.